दसऱ्याचं सोनं मे महिन्यात: ग्वाल्हेर ते खेजडली, सात दिवस

आमच्या ग्वाल्हेरचा दसरा ज्यांनी बघितलाय त्यांना शमी वेगळी सांगायला नको. संध्याकाळी मांढरे की माताच्या टेकडीवर शिंदे घराण्याची शमीपूजा होते, जुन्या सरदार घराण्यांतली माणसं पागोटी-अंगरखे घालून येतात, शमीला तलवार लागली रे लागली की पानांवर लोकांची झुंबड उडते, आणि मग तीच मूठभर पानं घेऊन घरोघरी 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा'. माझं माहेर पुण्याकडचं, तिथे आपटा. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आले तेव्हा सासूबाईंनी (मी त्यांना आईच म्हणते) तबकात ही बारीक बारीक पानं ठेवली आणि मला वाटलं चिंचेचा पाला आहे. एकोणीस वर्षं झाली त्याला. दर वर्षी ही पानं हातात घेतली, पण पूर्ण झाड केवढं होतं, त्याला फळ कसलं येतं, हे कधी मनातच आलं नाही.

मागच्या दसऱ्याला ह्यांचे ऑफिसमधले एक मित्र सोनं द्यायला आले. मूळचे नागौर जिल्ह्यातले, आम्ही त्यांना भाईसा म्हणतो. तबकातली डहाळी त्यांनी उचलली, डोळ्यांना लावली आणि म्हणाले, वहिनी, ही तर आमची खेजडी, हिच्या शेंगांची आम्ही भाजी खातो. आई एकदम गप्प. शमी म्हणजे गणपतीला वाहायची, शंकराला वाहायची, पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं जिच्यावर लपवली ती, तिची भाजी? चार दिवसांनी त्यांच्या बायकोनं, भाभीसांनी, डबा पाठवला, केर-सांगरी (सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, केर म्हणजे एका झुडपाचं फळ), तेलात चमचमणारी, आंबट-तिखट. आईंनी आधी चमचाभर घेतली आणि मग पोळीबरोबर वाटीभर खाल्ली. आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनीच जाहीर केलं की हे झाड मला त्याच्या घरी जाऊन बघायचंय. भाईसा म्हणाले, मग मे मध्ये या, सांगरी तेव्हाच असते, ऊन सोसायची तयारी ठेवा.

दिवस पहिला: ग्वाल्हेर ते जयपूर

पहाटे पाचला निघालो, मी, हे, आई आणि आमचा तेरा वर्षांचा मुलगा. मुरैना मागे पडलं, चंबळचा पूल आला आणि दोन्हीकडे ते बीहड, मातीच्या खोल घळी. मुलगा म्हणाला बघ किती हिरवं आहे, हीच का शमी? ही नव्हे. बीहडात जे हिरवं दिसतं त्यातलं बरंचसं विलायती बबूल, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती, अमेरिकेतून आलेली. गोम अशी की ती शमीची सख्खी चुलत बहीण आहे, अगदी अलीकडेपर्यंत दोघींचं शास्त्रीय नाव प्रोसोपिसपासूनच सुरू व्हायचं, त्यामुळे लांबून फसायला होतं. आम्ही धौलपूर ओलांडून चहाला थांबलो आणि टपरीच्या मागे एक वेगळंच झाड दिसलं, एकच सरळ खोड, साल भेगाळलेली, खडबडीत, आणि बारीक शेंगा झुबक्यांनी लोंबतायत. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ये तो छोंकर है.

छोंकर! हे नाव आईंनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांचं माहेर मुरैन्याकडचं, शेतावरची माणसं म्हणायची, छोंकर के नीचे बैठे हैं. आणि शमी म्हणजेच छोंकर हे त्यांना त्या टपरीवर कळलं. त्या उतरल्या, झाडाला हात लावून नमस्कार केला आणि मग चहा घेतला. मला तिथेच फरक नीट बघून घेता आला: वेडी बाभळीला पानाच्या पेराशी लांब टोकदार काटे असतात, बुंध्यापासूनच बऱ्याच फांद्या फुटतात आणि शेंगा जाड, पिवळट. शमीचे काटे छोटे, बुडाशी रुंद, फांदीवर कुठेही उगवलेले. शेंगा चवळीच्या शेंगेपेक्षा बारीक.

भरतपूरकडून जयपूरला पोचेपर्यंत एक वाजला. हायवेवर एका दुकानात 'असली सांगरी' असं लिहिलेलं पाकीट दिसलं, सातशे रुपये किलो, मी उत्साहात अर्धा किलो घेतली. त्याचं काय झालं ते पुढे सांगते. जयपूरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आम्ही खोलीत एसी लावून झोपलो.

दिवस दुसरा: जयपूर ते नागौरकडचं गाव

कुचामन मागे टाकलं की जमीन बदलते. मे महिना, शेतात पीक नाही, नुसती पिवळी वाळू, मध्येच वावटळ, आणि त्या वाळूत ठरावीक अंतरावर एकेक खेजडी उभी. गाडीतलं थर्मामीटर 44 दाखवत होतं, रस्त्याकडेची कुत्रीसुद्धा पाइपात जाऊन बसलेली, आणि ही झाडं कोवळ्या हिरव्या पालवीनं भरलेली. आपल्याकडे पालवी म्हटलं की चैत्र. इथे सगळ्यात कडक उन्हात हे झाड नवी पानं, फुलं, शेंगा सगळं उरकून घेतं, कारण त्याचं मूळ इतकं खोल जातं की वरच्या वाळूत पाणी असलं-नसलं तरी त्याचं अडत नाही. हे मी वाचलेलं होतं, पण गाडीची काच खाली केली आणि भट्टीसारखी झळ तोंडावर आली तेव्हा ते वाचलेलं खरं वाटलं.

मी ह्यांना म्हटलं, एवढी झाडं कोणी लावली असतील? भाईसा आदल्या दिवशीच गावी पोचले होते, संध्याकाळी त्यांना विचारलं तर हसले, म्हणाले, लावत कोणीच नाही, आपोआप उगवते. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, लेंडीतून बी पडतं, पावसात रोप येतं, आणि नांगर चालवणारा रोप दिसलं की नांगर थोडा वळवून घेतो. बस एवढंच. म्हणजे पिढ्यान् पिढ्या नांगर वळवणाऱ्या माणसांनी हे जंगल राखलंय. हे ऐकल्यावर मी बराच वेळ गच्चीवरून ती शेतं बघत होते.

घरी भाईसांची आई, सगळे त्यांना माँसा म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे. आमच्या आई आणि माँसा, एकीची मराठी मिसळलेली हिंदी आणि दुसरीची पक्की मारवाडी, पण दहा मिनिटांत दोघी खाटेवर शेजारी शेजारी. दुपारच्या जेवणात बाजरीची रोटी, ताक, कच्चा कांदा आणि मोठांची डाळ. पहिला घास घेतला आणि आई म्हणाल्या, अगं ही तर आपली मटकी! मोठ म्हणजे मटकीच. देशातली सगळ्यात जास्त मटकी राजस्थानातच पिकते, तेव्हा कोल्हापूर-पुण्याच्या मिसळीतली मटकीसुद्धा ह्याच वाळूतून आलेली असणार. माँसांनी एक जुनी म्हण ऐकवली: आकडां री झूंपड़ी, फोगां री बाड़, बाजरी री रोटी, मोठां री दाळ, देखी राजा थारी मारवाड़. रुईची झोपडी, फोगाच्या झुडपाचं कुंपण, बाजरीची भाकरी आणि मटकीची डाळ, राजा, बघितली रे तुझी मारवाड. ही म्हण कोणी मारवाडला हिणवायला म्हणतं, पण माँसा अभिमानानं म्हणत होत्या.

संध्याकाळी गावाच्या कडेला गोगाजीचं थान बघायला गेलो. गोगाजी म्हणजे सापांपासून राखणारा लोकदेव, आणि त्याचं ठाणं खेजडीखालीच. दगडावर कोरलेला साप, शेंदूर, नारळाच्या करवंट्या. गाव-गाव खेजडी नि गाव-गाव गोगो, अशी म्हणच आहे इकडे. आईंनी पिशवीतून आणलेलं हळद-कुंकू वाहिलं. मला आपल्याकडचा वडाखालचा म्हसोबा आठवला.

दिवस तिसरा: सांगरी

ह्या दिवसासाठीच आम्ही आलो होतो, तेव्हा सविस्तर लिहिते.

साडेपाचला भाभीसांनी उठवलं. उन्हं वर यायच्या आत तोडणी उरकायची असते. शेतात गेलो, एका मोठ्या झाडाखाली जुनी लुगडी पसरली, भाईसांचा पुतण्या काट्यांची पर्वा न करता वर चढला आणि आम्ही खालून आकडी लावलेल्या बांबूनं फांद्या वाकवून शेंगा खुडायच्या. शेंग कोवळी पाहिजे, सुतळीसारखी बारीक, हाताला दाणा लागला नाही पाहिजे. दाणा भरला की भाजी चिवट होते. मी पहिल्या तासात जेवढं तोडलं त्यातलं अर्धं भाभीसांनी बाजूला काढलं, ही शेळ्यांना. बोटांना काटे लागून लागून बारीक रक्त येत होतं. चांगल्या सांगरीचा किलोला बाराशे रुपये भाव ऐकून मी आधी महाग म्हटलं होतं, तो शब्द मी तिथेच मनात मागे घेतला.

एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. शेतातली सगळीच झाडं शेंगांनी लगडलेली नव्हती, कितीतरी झाडांवर नुसता पाला होता. कारण हिवाळ्यात झाडाची छाटणी करतात, फांद्या उतरवतात, पाला वाळवतात. त्या वाळलेल्या पाल्याला लूंग म्हणतात, आणि शेळ्या, मेंढ्या, उंट, गायी सगळ्यांचं उन्हाळ्यातलं पोट त्याच्यावर. पण ज्या झाडाची पूर्ण छाटणी झाली त्याला त्या उन्हाळ्यात सांगरी जवळजवळ येतच नाही. म्हणजे शेतकऱ्याला दर वर्षी मार्गशीर्ष-पौषात एकेका झाडाखाली उभं राहून ठरवायचं असतं, ह्या झाडाचं लूंग घ्यायचं की सांगरी ठेवायची. गुरं जास्त असतील तर लूंग, घरात कार्य असेल किंवा पैसे हवे असतील तर सांगरी. माँसांना अख्ख्या शेतातली झाडं पाठ होती, ती कोपऱ्यातली गोड आहे, विहिरीकडची लवकर येते, ती मधली कडवट म्हणून ती नेहमी छाटायची. मी आमच्या गल्लीतल्या माणसांबद्दल एवढं सांगू शकत नाही.

आठपर्यंत घरी. चुलीवर मोठं पातेलं, पाणी, मीठ, पाणी उकळलं की सांगरी टाकायची, रंग बदलून मऊ झाली की उपसायची आणि खाटेवर कापड घालून उन्हात वाळवायची. त्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत होते. सकाळी पाटीभर दिसत होती ती वाळल्यावर ओंजळभर होते, आधीच वाळवलेल्या ढिगावरून भाभीसांनी दाखवलं. मग ती डब्यात वर्षभर राहते. मी माझं हायवेचं पाकीट काढलं. माँसांनी त्यातली एक शेंग मोडली, वास घेतला आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं, काही बोलल्या नाहीत. भाभीसांनी समजावलं की ही जून शेंग आहे, दाणे भरल्यावर तोडलेली आणि मागच्या वर्षीची किंवा त्याही आधीची. चांगली वाळलेली सांगरी बारीक असते, तपकिरी-हिरवट, आणि भिजवली की पुन्हा शेंगेसारखी फुगते. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, ऑनलाइन मागवताना फोटोत शेंगेची जाडी बघा.

दुपारी स्वयंपाक. केर हे झुडपाचं हिरवं फळ, वाटाण्याएवढं, कच्चं खाल्लं तर कडू-तुरट. ते मिठाच्या पाण्यात किंवा ताकात आठवडाभर ठेवून, पाणी बदलून बदलून कडूपणा काढायचा आणि मग वाळवायचं. सांगरी आणि केर रात्रभर भिजवलेले होते, ते उकडून, निथळून घेतले. लोखंडी कढईत भरपूर तेल, जिरं, ओवा, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या, मग हळद, धणेपूड, तिखट, वरून आमचूर आणि थोडे बेदाणे. पाणी अजिबात नाही. म्हणून ती बिघडत नाही, चार दिवसांच्या प्रवासातसुद्धा टिकते, उंटावरून जाणारी माणसं हेच बांधून न्यायची. ह्यातच कुमट आणि गुंदे घातले की पंचकुटा: केर, सांगरी, कुमट, गुंदा आणि आमचूर, पाच जिन्नस. गुंदा म्हणजे आपलं भोकर, माझ्या आजीच्या लोणच्यातलं. आणि कुमट म्हणजे ज्या झाडाचा डिंक औषधात आणि मिठाईत जातो त्याच्या चपट्या बिया, तेही शेंगवालं, शमीच्या कुळातलंच. शीतला अष्टमीला चूल पेटवायची नसते तेव्हा आदल्या दिवशी पंचकुटा करून ठेवतात.

मसाले, आमचूर नि बेदाणे सोडले तर पानात सगळं वाळवंटातलं, त्यातल्या एकाही जिनसेला कालव्याचं पाणी लागलेलं नाही. जीमो सा, जीमो, करत माँसांनी आईंना चौथी रोटी वाढली आणि आईंनी ती खाल्ली.

जेवणानंतर माँसांनी मडक्यातून काही पिकलेल्या वाळक्या शेंगा काढून मुलाच्या हातावर ठेवल्या. सांगरी झाडावरच पिकली की तिला खोखा म्हणतात. गोडसर, खजुराची आठवण यावी अशी चव, आतला गर चघळायचा आणि बी थुंकायचं. माँसा लहान असताना हाच खाऊ होता, शाळेत खिसे भरून न्यायचे. चॉकलेटशिवाय कशालाच हात न लावणाऱ्या आमच्या मुलानं मडकं निम्मं केलं. त्यातल्या बिया मी रुमालात बांधून घेतल्या.

मग त्या दुष्काळाबद्दल बोलल्या, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. छप्पनिया काळ, म्हणजे विक्रम संवत 1956, आपल्या हिशोबानं 1899-1900. त्यांच्या सासूच्या सासूनं तो काढलेला. गुरं मेली, धान्य संपलं, तेव्हा खेजडीची साल काढून, वाळवून, कुटून त्याचं पीठ केलं आणि मूठभर बाजरीत मिसळून भाकरी भाजली. त्याच्या आधी 1868-69 च्या दुष्काळातही राजपुतान्यात असंच झाल्याच्या नोंदी आहेत. माँसा म्हणाल्या, आ तो म्हारी लिछमी है. लक्ष्मी. आई माझ्याकडे बघत राहिल्या. आम्ही पण तिला सोनं म्हणतो, पण आमच्याकडचं सोनं रात्री तबकात सुकतं आणि सकाळी निर्माल्यात जातं.

दिवस चौथा: जोधपूर

सकाळी निघताना माँसांनी आईंची ओटी भरली, तांदळाच्या जागी बाजरी, आणि वर सांगरीचा पुडा. दोघींच्या डोळ्यांत पाणी.

जोधपूरला दुपारी पोचलो. इथे काजरी आहे, केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थान, 1959 सालापासून ह्याच नावानं वाळवंटातल्या शेतीवर काम करणारी संस्था. भाईसांच्या ओळखीचे एक शास्त्रज्ञ भेटले, त्यांनी तासभर दिला आणि माझ्या कितीतरी शंका फेडल्या. खेजडीखाली बाजरी चांगली का येते? शेंगवर्गीय झाड, मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, वर पाल्याचं खत, विरळ सावली, आणि मूळ सरळ खोल जात असल्यानं वरच्या थरातल्या पाण्यासाठी पिकाशी भांडण नाही. शेतकऱ्यांना हे हिशोब न मांडताच ठाऊक होतं.

वाईट गोष्टही त्यांनीच सांगितली. नागौर, सीकर, चुरू, जोधपूर ह्या पट्ट्यात खेजड्या उभ्या उभ्या वाळतायत. एका मोठ्या भुंग्याची अळी मुळं पोखरते, जखमेतून गॅनोडर्मा नावाची बुरशी शिरते, आणि झाड काही वर्षांत संपतं. त्यात ट्रॅक्टरच्या अवजारानं मुळं तुटतात, नवी रोपं उपटली जातात, भूजल खाली गेलंय आणि छाटणी दर वर्षी अंगाबाहेर होते. नांगर वळवता येत होता, ट्रॅक्टर वळवायला कोणाला वेळ आहे! येताना मी रस्त्यावर राखाडी झालेली खोडं पाहिली होती आणि उन्हानं झालं असेल असं समजले होते. एक चांगलं म्हणजे बिकानेरच्या शुष्क बागायती संस्थेनं 'थार शोभा' नावाची जात काढलीय, डोळा भरून तयार केलेली, काटे नसलेली, झाड बुटकं राहतं, तोडणी सोपी. माझी ओरखडलेली बोटं मी त्यांना दाखवली तर म्हणाले, म्हणूनच काढली.

किल्ला बाहेरून बघितला. मुलाला झिपलाइन करायची होती, उन्हामुळे नाही म्हटलं, तो रुसला, रात्री मावा कचोरीनं समेट.

दिवस पाचवा: खेजडली

जोधपूरपासून साधारण 26 किलोमीटर. गाव लहान, आणि झाडांच्या दाटीत स्मारक, मंदिर, मोकळं आवार. सकाळी सातला आमच्याशिवाय कोणी नव्हतं, मोर होते, आणि कुंपणापलीकडे चिंकारा हरणं निवांत चरत होती, माणूस दिसला तरी पळत नव्हती, कारण झाडं नि प्राणी राखणाऱ्या बिश्नोई पंथाच्या गावात त्यांना पळायची वेळ येत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. 1730 साल, जोधपूरच्या गादीवर महाराजा अभयसिंह. महालाच्या बांधकामासाठी चुना भाजायला लाकूड हवं होतं, आणि खेजडीचं लाकूड जळायला उत्तम. दिवाण गिरधर भंडारीची माणसं इथे कुऱ्हाडी घेऊन आली. इथली वस्ती बिश्नोई. त्यांचे पंथगुरू जांभोजी ह्यांनी 1485 मध्ये जे 29 नियम दिले, बीस आणि नौ म्हणून बिश्नोई, त्यात हिरवं झाड तोडायचं नाही हा एक नियम. हे लोक मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, चितेलासुद्धा झाड लागू नये म्हणून. गावातली अमृता देवी घराबाहेर आली आणि खेजडीला मिठी मारून उभी राहिली. तिचे शब्द आजही सगळ्यांना पाठ आहेत: सिर सांटे रूंख रहे तो भी सस्तो जाण. डोकं देऊन झाड वाचत असेल तर तोही सौदा स्वस्तच. तिला मारलं. मग तिच्या तीन मुली, आसू, रत्नी, भागू, एकेक करत पुढे आल्या. मग आजूबाजूच्या गावांतून माणसं येत राहिली आणि मरत राहिली, 363 जण. शेवटी राजानं तोड थांबवली आणि बिश्नोई गावांत हिरवं झाड तोडायला बंदी केली.

भाद्रपद शुद्ध दशमीला इथे मेळा भरतो. म्हणजे आपल्याकडे गणपतीचे दिवस, जेव्हा आपण पत्रीतली शमी बाप्पाला वाहतो, त्याच आठवड्यात. हे मला तिथे उभं असताना लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

आईंनी पायातल्या चपला आवाराच्या बाहेरच काढल्या होत्या. फरशी तापायला लागली होती, मी म्हटलं घाला, पाय भाजतील, त्या म्हणाल्या राहू दे. एका खेजडीपाशी गेल्या, शमी शमयते पापं म्हणाल्या, आणि मग बाकीचा श्लोक म्हटलाच नाही, खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. मुलगा तिसरी मुलगी केवढी होती विचारत होता. वय मला माहीत नव्हतं, मी त्याला नुसतं जवळ घेतलं.

तिथल्या पुजाऱ्यांशी बोलणं झालं. 1983 मध्ये खेजडी राजस्थानची राज्यवृक्ष झाली, 11 सप्टेंबर आता देशभर वन शहीद दिवस म्हणून पाळतात, पण त्यांची तळमळ वेगळीच होती. बिकानेरकडे सोलर प्लांटसाठी जमिनी सपाट करताना खेजड्या कापल्या जात होत्या आणि तिकडचे बिश्नोई त्याविरुद्ध आंदोलनाला बसले होते. सूर्याची वीज मलाही हवी आहे, आमच्या गच्चीवर पॅनल आहेत. पण जे झाड 44 डिग्रीत चारा, भाजी, सावली देतं ते कापून तिथे काच बसवायची, ह्याला मी विकास म्हणू शकत नाही. पॅनलच्या रांगा खेजडी वगळून आखता येतील. नांगर वळत होता, तसं.

दिवस सहावा आणि सातवा: परत

जोधपूर, अजमेर, जयपूर, मुक्काम, भरतपूर, धौलपूर. टायर एकदा पंक्चर, ह्यांना उन्हाचा त्रास झाला, मीठ-साखरेचं पाणी देत देत आणलं. धौलपूरच्या त्याच टपरीवर थांबलो. ह्या वेळी मुलानं स्वतः चहावाल्याला विचारलं, तुम्ही ह्या शेंगा खात नाही का? तो म्हणाला, बकरी खाती है. मुलगा त्याला केर-सांगरीची कृती सांगत बसला.

घरी आल्यावर एक गोष्ट झाली ती लिहायलाच हवी. आमच्या अंगणात तुळशीशेजारी शमीची कुंडी आहे, आठ-नऊ वर्षांपूर्वी एका नर्सरीतून आणलेली, आई रोज तिला पाणी घालतात, शनिवारी दिवा लावतात. प्रवासात राहिलो तेवढ्यात ती फुलली होती, लोंबणारी फुलं, अर्धी गुलाबी नि अर्धी पिवळी, दिसायला फार सुंदर. मी बघत राहिले. नागौरमध्ये चार-पाच दिवसांपूर्वी जी फुलं पाहिली, तिकडे तिला मींझर म्हणतात, ती नुसती फिकट पिवळी, साधी, तुऱ्यासारखी. मोबाईलमधले फोटो लावून पानं, काटे ताडून पाहिले. आमची शमी शमी नाहीच. डायक्रोस्टॅकिस नावाचं दुसरंच झुडूप, कुळ तेच, पण ही खेजडी नव्हे. नंतर कळलं की ठिकठिकाणच्या नर्सऱ्यांत हेच शमी म्हणून विकतात. तुमच्याकडे कुंडी असेल तर फुलं बघा, गुलाबी-पिवळी दोन रंगी असतील तर ते हे.

आईंना सांगायचं की नाही ह्यावर आम्ही दोघं रात्री बोललो. सकाळी सांगितलं. त्या कुंडीपाशी गेल्या, पाणी घातलं नेहमीसारखं, म्हणाल्या, इतकी वर्षं माझा नमस्कार घेतलाय हिनं, आता काय काढून टाकू? आणि मग रुमालातल्या बिया मागितल्या.

माँसांनी सांगितल्याप्रमाणे बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या, लांब काळ्या पिशव्यांत वाळू-माती भरून बारा बिया लावल्या. कुंडीत हे झाड ठेवायचं नाही, मूळ खोल जातं, म्हणून पाऊस सुरू झाला की घाटीगावकडे ह्यांच्या आतेभावाची माळाची जमीन आहे तिथे बांधावर लावायचं ठरलंय. भाऊजी ट्रॅक्टरनं शेती करतात. आईंनी त्यांना फोन करून बजावलंय, रोपाभोवती मी दगड रचून देईन, तेवढं ट्रॅक्टर वळवून घे. नवव्या दिवशी बारापैकी सात उगवल्या, दोन जाड दलं आणि मध्ये चिंचेच्या पाल्यासारखी बारीक पहिली पानं.